जोड्या पिसू नका : ब्रिज संघटनांच्या निवड समित्यांना खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

स. न. वि. वि.

स्पर्धेची तारीख जाहीर झाली की तुमची बैठक बसते. समोर मास्टर पॉइंटांची, म्हणजे स्पर्धा खेळून साठत जाणाऱ्या गुणांची, यादी असते. वरची सहा नावं उचलायची, त्यांच्या तीन जोड्या लावायच्या आणि महिना-दीड महिना उरला असताना ‘आता एकत्र बसा’ म्हणून सांगायचं, ही बहुतेक ठिकाणची रीत. संघ हरून आला की पुढच्या खेपेला पत्ते पिसावेत तशा जोड्या पुन्हा पिसल्या जातात. आम्ही खेळणारे, शिकवणारे आणि निकालपत्रकं तपासणारे लोक आहोत. ब्रिज हा दोन भिडूंनी दुसऱ्या दोघांविरुद्ध खेळायचा पत्त्यांचा खेळ; त्यातल्या विजेत्याची कारकीर्द एकट्याची नसते, जोडीची असते. तुमच्या रीतीत ती जोडी मुरायच्या आतच मोडते, हे एकच गाऱ्हाणं घेऊन लिहीत आहोत.

जगज्जेत्यांची नावं आठवून पाहा, ती जोडीनंच तोंडात येतील. हॅमन म्हटलं की वुल्फ, मेकस्ट्रॉथ म्हटलं की रॉडवेल. जेफ मेकस्ट्रॉथ आणि एरिक रॉडवेल यांनी बर्म्युडा बाऊल, म्हणजे संघांचा जागतिक चषक, पहिल्यांदा जिंकला १९८१ मध्ये, दोघंही पंचविशीच्या आसपास होते. तोच चषक त्याच जोडीनं २००९ मध्येही जिंकला. मधल्या अठ्ठावीस वर्षांत दोघांनी भिडू बदलला नाही. बोलीची पद्धत, म्हणजे बोलींतून भिडूला आपली पानं सांगायची भाषा, मात्र सतत बदलली, घासली, वाढवली. रिक्सी मार्कस आणि फ्रिट्झी गॉर्डन यांचं टेबलावर पटत नसे ही जगजाहीर गोष्ट, पण महिलांची जागतिक जोडी स्पर्धा त्यांनी १९६२ मध्ये जिंकली आणि बारा वर्षांनी पुन्हा जिंकली. ‘त्या दोघांचं हल्ली पटत नाही’ हे जोडी मोडण्याचं कारण म्हणून समितीच्या इतिवृत्तात येतं तेव्हा या दोघींची आठवण ठेवावी.

इटलीच्या ब्लू टीमनं १९५७ ते १९६९ या काळात झालेल्या दहाच्या दहा बर्म्युडा बाऊल स्पर्धा जिंकल्या. त्या संघात बेलाडोना-अव्हारेल्ली रोमन क्लब ही बोलीची पद्धत खेळत आणि फोर्के-गारोझ्झो वेगळीच पद्धत खेळत. कप्तान कार्लाल्बेर्तो पेरू शिस्तीला फार कडक, पण संघानं एकच पद्धत खेळावी असा आग्रह त्यानं धरला नाही. जोडीला तिची भाषा ठेवू दिली. अमेरिकेत आयरा कॉर्न या उद्योजकानं १९६८ मध्ये एसेस संघ उभा केला तेव्हा खेळाडूंना पगार दिला, संगणकानं तयार केलेले डाव खेळवले, हवाईदलातून निवृत्त झालेला जो मुसुमेची प्रशिक्षक म्हणून नेमला. १९७० आणि १९७१ चा चषक त्यांनी नेला. पगाराची गोष्ट सगळे सांगतात. त्या पगारानं विकत घेतला होता तो वेळ, तोच तोच भिडू समोर बसवून घालवलेला वेळ.

तो वेळ नेमका कशात जातो, हे एका पानावरून दाखवतो.

प्रतिस्पर्धी तीन नोट्रम्प खेळत आहेत, म्हणजे हुकमाविना त्यांना नऊ हात करायचे आहेत. त्यांच्यातला डाव खेळणारा तो डिक्लेअरर, त्याच्या भिडूची टेबलावर उघडी मांडलेली पानं ती डमी. डमीत चौकटचे राजा, राणी, गुलाम, दश्शी, पंजी आहेत आणि दुसऱ्या कुठल्याही रंगानं डमीत शिरायला वाट नाही. तुमच्या खेळाडूकडे चौकटचा एक्का, अठ्ठी आणि चव्वी. डिक्लेअरर हातातून लहान चौकट खेळतो, भिडू सत्ती टाकतो, डमीतून राजा येतो. एक्का आता घ्यायचा की थांबायचं? डमीत पाच, स्वतःकडे तीन, म्हणजे उरलेली पाच चौकट भिडू आणि डिक्लेअरर यांच्यात वाटलेली आहेत. भिडूकडे तीन असतील तर डिक्लेअररकडे दोन, मग एक्का दुसऱ्या फेरीला घ्यायचा. डिक्लेअररला एकच हात मिळतो. भिडूकडे दोन असतील तर डिक्लेअररकडे तीन, मग तिसऱ्या फेरीपर्यंत दम धरायचा. त्याला दोन हात मिळतात. इथं घाईनं दुसऱ्याच फेरीला एक्का घेतला तर डिक्लेअररकडे अजून एक चौकट शिल्लक असते, तो डमीत जातो आणि दोनाऐवजी चार हात उचलतो. उलट पहिल्या वाटणीत एक फेरी जास्त थांबलं तर एक हात फुकट जातो, आणि तो नववा असू शकतो.

आता ती सत्ती. साध्या रिवाजात आधी मोठं आणि मग लहान पान म्हणजे सम संख्या, तेव्हा सत्ती सांगते ‘माझ्याकडे दोन’. उलट संकेत खेळणाऱ्या जोडीत तीच सत्ती सांगते ‘माझ्याकडे तीन’. आणि स्मिथ संकेत खेळणाऱ्या जोडीत तिचा चौकटच्या संख्येशी संबंधच नाही. ती सांगते, ‘पहिली उतारी ज्या रंगाची झाली तो रंग मला चालेल, त्यातच परत ये’. एका पानाचे तीन अर्थ, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर. महिनाभरापूर्वी जमवलेल्या जोडीनं ‘संख्या दाखवायची’ एवढं ठरवलेलं असतं. डमीत वाट नसेल तेव्हा स्मिथ बंद करून संख्या दाखवायची का, हे ठरवायचं राहून जातं. व्हल्नरेबल असताना, म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही वाढलेले असताना, हे कॉन्ट्रॅक्ट इथं झालं आणि तीच पानं दुसऱ्या टेबलावर खेळणाऱ्या तुमच्याच संघाचं एका हातानं बुडालं, तर ६०० आणि १०० मिळून ७०० गुणांचा फरक, म्हणजे १२ आयएमपी (दोन टेबलांतल्या फरकावरून संघाला मिळणारे गुण) गेले. निकालपत्रकात त्या खेळाडूच्या नावापुढे चूक लागते. वास्तविक तो बिचारा बरोबर विचार करत होता, फक्त भिडूनं कुठली भाषा बोलली ते त्याला ठाऊक नव्हतं.

म्हणून कुठल्याही जोडीबद्दल विचारायचं झालं तर तिची नोंदवही मागा. कन्व्हेन्शन कार्ड नव्हे. ते प्रतिस्पर्ध्यांना दाखवायचं असतं, त्यात मथळे असतात. नोंदवही म्हणजे दोघांनी आपसात ठरवलेलं सगळं, तारखेसकट. जुन्या जोड्यांची ती शेकडो पानांची असते. जाडीला अर्थ नाही, कुठली पानं आहेत त्याला आहे. नव्या जोड्या पहिल्या दहा पानांत स्वतःच्या एक नोट्रम्पवरच्या सगळ्या शोभिवंत बोली लिहितात. प्रतिस्पर्ध्यानं त्यावर डबल (मुळात दंड वाढवणारी बोली) दिला तर काय, दोन किलवर घातले तर काय, इथं कोरी जागा. आपण एक इस्पिक उघडलं आणि त्यांनी दोन नोट्रम्प म्हणून दोन्ही हलके रंग (किलवर आणि चौकट) दाखवले, मग तीन किलवर आणि तीन चौकट यांचा अर्थ काय? तिसऱ्या पायरीवरचा डबल दंडाचा की बोलायला लावणारा? आणि सगळ्यात जास्त आयएमपी खाणारा प्रश्न, पास कधी सक्तीचा?

हा शेवटचा जरा उलगडतो. आपण व्हल्नरेबल आहोत, ताकदीनं चार इस्पिकपर्यंत पोचलो, ते नॉन-व्हल्नरेबल आहेत आणि आपल्याला चार इस्पिक करू देण्यापेक्षा बुडणं स्वस्त म्हणून पाच चौकट घालतात. आपल्या जोडीतल्या पुढच्यानं पास दिला. त्याच्या मनात तो पास सक्तीचा आहे : ‘मला ठरवता येत नाही, तू डबल दे किंवा पाच इस्पिक म्हण.’ समोरच्याच्या मनात पास म्हणजे संपलं. पाच चौकट डबलशिवाय तीन हातांनी बुडतात, मिळतात १५०. दुसऱ्या टेबलावर चार इस्पिक झालेले आहेत, ६२०. फरक ४७०, म्हणजे १० आयएमपींचा तोटा. डबल पडला असता तर ५०० मिळून फरक १२० वर आला असता, तोटा ३ आयएमपींचा. सात आयएमपी एका न ठरवलेल्या पासात गेले. इथं दोघांपैकी कुणाचंही डोकं कमी पडलेलं नाही.

निर्णयाचंही तसंच आहे. संघांच्या सामन्यात व्हल्नरेबल गेम (मोठ्या बक्षिसाची बोली) झाला तर पार्टस्कोरच्या (त्याहून खालच्या बोलीच्या) तुलनेत साधारण १० आयएमपी मिळतात, बुडाला तर ६ जातात, म्हणजे शंभरात अडतीसेक वेळा होणारा गेमही बोलावा. हे गणित सगळ्यांना पाठ असतं. पण ती सूट जोडीत एकदाच घ्यायची असते. एकानं हलक्या हातावर (कमी ताकदीच्या पानांवर) गेमचं निमंत्रण दिलं, दुसऱ्यानं तेही हलक्या हातावर स्वीकारलं, की दोघांनी मिळून पंचवीस टक्क्यांचा गेम बोलला. निमंत्रण हलकं आणि स्वीकार कडक, की निमंत्रण कडक आणि स्वीकार हलका, यातलं एक ठरलेलं असलं पाहिजे. नुसतं ठरून भागत नाही, हजार-दीड हजार डाव खेळून अंगवळणी पडावं लागतं. दोन आक्रमक खेळाडू एकमेकांसमोर बसवले की संघ आक्रमक होतो, असं तुमच्यापैकी काहींना वाटतं. होतो खरा, पण जोडीला एकच गॅस पुरतो आणि ब्रेकवर पाय ठेवणारं कुणीतरी लागतं.

सरावाबद्दल थोडं. आठवड्यातून दोन बैठका, प्रत्येकी चोवीस डाव, असं वर्षभर चाललं तर दोन हजारांवर डाव होतात. त्याखाली जोडी घडत नाही. ऑनलाइन टेबलं आल्यापासून भिडू दुसऱ्या शहरात असण्याची सबबही उरलेली नाही. निम्मे डाव ठरवून वाटावेत : दोघांच्या मोठ्या पानांचे मिळून २८ ते ३३ पॉइंट असलेले स्लॅमच्या (बारा-तेरा हातांच्या) पट्ट्यातले, नाहीतर प्रतिस्पर्ध्याकडे सहा पानी रंग असलेले. शांतपणे चाललेल्या बोलीचा सराव सगळे करतात, कारण त्यात मजा येते. प्रत्यक्षात प्रतिस्पर्धी गप्प बसत नाहीत, म्हणून दोन प्रशिक्षक समोर बसवून मध्ये मध्ये बोली घालायला लावावी.

डाव संपल्यावर संगणकाचा निकाल उघडून भिडूला झोडपायची एक वाईट सवय सगळीकडे आहे. संगणकाला बावन्नही पानं दिसतात. दोघांत मिळून हुकमाची दहा पानं आहेत, बाहेर राजा आणि दोन लहान. माणूस फिनेस करणार, म्हणजे राजा पुढच्या बाजूला आहे असं धरून एक्का राखून खेळणार, आणि तेच बरोबर. राजा एकटाच मागच्या बाजूला असेल तर संगणक एक्का मारून तो पाडतो आणि ‘सहा होत होते’ असं दाखवतो. या ओळीवरून प्रशिक्षक खेळाडूला बोलू लागला तर आधी प्रशिक्षकाला थांबवा.

चुकांचा ताळेबंद ठेवण्याची पद्धत साधी आहे. टेबलावर एक शब्द बोलायचा नाही, फक्त डावाचा क्रमांक लिहून ठेवायचा. बैठक संपल्यावर पाचांहून जास्त आयएमपी गेलेला प्रत्येक डाव काढायचा आणि त्याला एक खूण करायची : ठरलेलं विसरलो, ठरवलंच नव्हतं, ठरलेलं होतं पण अंदाज चुकला, पानं चुकीची खेळलो, की काहीच चुकलं नाही आणि नशीब फिरलं. तीन महिन्यांनी बेरीज करा. ‘ठरवलंच नव्हतं’ हा रकाना भरलेला असेल तर जोडी कोवळी आहे, वेळ द्या. ‘विसरलो’ जास्त असेल तर पद्धत झेपत नाही, पानं फाडा. बचावातल्या चुका बोलीच्या चुकांपेक्षा लपून राहतात, कारण बोली कागदावर उमटते आणि टाकलेल्या सत्तीचं कुणाला काही आठवत नाही. म्हणून निदान दर आठवड्याला दोन डाव पानापानानं पुन्हा मांडून बघावेत.

आता निवड. मास्टर पॉइंट फक्त वाढतात, कमी होत नाहीत. ते हजेरीपट आहेत. त्यांचा मान जरूर ठेवा, संघ त्यावरून काढू नका. निवड चाचणी घेता ती बहुधा आखूड असते. एका डावातला फरक नुसत्या नशिबानं साडेपाच आयएमपींनी मागेपुढे होतो असं धरा. बत्तीस डावांत हा चढउतार सुमारे ३१ वर जातो. एक जोडी दुसरीपेक्षा डावामागे अर्ध्या आयएमपीनं खरोखर चांगली असेल, आणि हा फरक लहान नाही, तर बत्तीस डावांत तिची आघाडी होते १६. नशिबाच्या निम्मी. १२८ डाव खेळवा, आघाडी होते ६४ आणि नशीब ६२ वर येतं. तेव्हाही खात्री नाहीच, पण निदान बरोबरीची लढत होते. बत्तीस डावांच्या शनिवार-रविवारवर दोन वर्षं जमवलेली जोडी घरी पाठवणं म्हणजे नाणं उडवून निवड करणं, फक्त नाण्यावर समितीचा शिक्का असतो.

वय बघून नाव खोडण्याची प्रथाही अधूनमधून डोकं वर काढते. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पुरुष जोडीचं सुवर्णपदक प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी जिंकलं तेव्हा ते साठ आणि छपन्न वर्षांचे होते. वयापेक्षा दमाचा हिशेब करा, तो वेगळा. जागतिक स्पर्धेत सोळा-सोळा डावांची तीन सत्रं एका दिवसात होतात, एकेक सत्र दोन तासांच्या वर चालतं आणि हे दोन आठवडे पुरतं. थकव्याच्या चुका ओळखू येतात : हुकमाचं तेरावं पान मोजायचं राहतं, बदामात चौकट मिसळून हात लावला जातो, बोलीच्या पेटीतून शेजारचं कार्ड निघतं, रंग असून दुसरं पान पडतं. सहा जणांचा संघ असतो तो यासाठीच. तिन्ही जोड्यांना आलटून पालटून विश्रांती मिळेल अशी मांडणी न खेळणाऱ्या कप्तानानं आधीच कागदावर ठेवावी. चांगली चाललेली जोडी सलग चार सत्रं बसवायचा मोह प्रत्येक कप्तानाला होतो. चौथ्या सत्राचे आयएमपी काढून बघितले की मोह कमी होतो.

पडद्यामागे खेळायची सवय हा आणखी एक राहून जाणारा भाग. पडदा तिरका असतो. भिडू पलीकडे आणि एक प्रतिस्पर्धी आपल्या बाजूला. इथं स्वतःच्या बोलीचा अलर्टही (बोलीला खास अर्थ असल्याची सूचना) आपणच शेजारच्या प्रतिस्पर्ध्याला द्यायचा, भिडूच्या बोलीचाही, आणि अर्थ लिहून द्यायचा. सवय नसलेला खेळाडू स्वतःच्या बोलीचा अलर्ट हमखास विसरतो. बोलीची कार्डं ठेवलेला ट्रे पलीकडे सरकवताना लय सारखी ठेवावी लागते. विचार करून उशिरा गेलेला ट्रे पलीकडच्या भिडूला काहीतरी सांगून जातो आणि मग पुढच्या पासवर पंच बोलावले जातात. पडदे लावलेल्या किमान दहा बैठका झाल्याशिवाय जोडीला बाहेर पाठवू नका. २०१५ मध्ये बोये ब्रोगेलान या नॉर्वेच्या खेळाडूनं वरच्या पातळीवरच्या फसवणुकीला वाचा फोडली, तेव्हापासून चित्रफिती बारकाईनं बघितल्या जातात. प्रामाणिक जोडीलाही आपली लय सांभाळूनच राहावं लागतं.

औषधांचं तर कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. ब्रिजलाही उत्तेजक द्रव्यांची जागतिक यादी लागू आहे आणि चाचण्या होतात. २०१८ च्या ऑरलँडोतल्या जागतिक स्पर्धेनंतर एका अव्वल खेळाडूवर चाचणीमुळे बंदी आली होती. आपल्या खेळात साठीतले लोक असतात, त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या असतात, आणि त्यांतल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या त्या यादीत आहेत. त्या उत्तेजक नसतात, पण दुसरं काही लपवायला वापरता येतात म्हणून बंद. उपचारासाठी सूट मिळते, तिचा अर्ज डॉक्टरच्या कागदांसह आधी करावा लागतो. संघ जाहीर झाला त्याच आठवड्यात सहाही जणांच्या गोळ्यांची यादी वैद्यकीय सल्लागाराकडे जायला हवी.

प्रायोजकाबद्दल एकच. पैसे देणाऱ्याला स्वतः खेळायचं असतं, हे या खेळात जुनं आहे आणि त्यात गैर काही नाही; अनेक विजेत्यांचं पोट त्यावरच चालतं. पण प्रायोजकासमोर बसवायला जमलेल्या जोडीतला एक उचलू नका. त्याच्यासाठी वेगळा, कायमचा भिडू ठेवा आणि बाकीच्या दोन जोड्यांना हात लावू नका.

आमची मागणी अशी. जोड्यांची नोंदणी दोन वर्षांसाठी करा आणि त्या काळात मोडलेल्या जोडीला चाचणीत नव्यानं सुरुवात करायला लावा. चाचणी १२८ डावांहून कमी नको. न खेळणारा कप्तान संघाबरोबर नव्हे, चाचणीच्या आधी नेमा, म्हणजे त्याला जोड्या खेळताना बघता येतील. आणि अंतिम निवडीआधी प्रत्येक जोडीला दोन वेगळ्या खोल्यांत बसवून तेच वीस प्रश्न विचारा, उत्तरं शेजारी शेजारी ठेवा. वीसपैकी सोळा जुळली तर त्या जोडीला पाठवायला हरकत नाही. अकरा जुळली तर मास्टर पॉइंट कितीही असोत, तिला अजून एक वर्ष लागेल. असा प्रश्नसंच आम्ही विनामोबदला करून देऊ. डमीत वाट नाही, भिडूनं सत्ती टाकली, तिचा अर्थ काय, हा त्यातला पहिला प्रश्न.

कळावे, लोभ असावा.

आपले,
ब्रिज खेळणारे आणि शिकवणारे काही जण